दुसरा गठ्ठा उघडणारा साहेब

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर चार कॉलमी बातमी होती. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सकाळी दहाच्या ठोक्याला एका कार्यालयात 'धाड' टाकली, रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढले, हजेरीपट ताब्यात घेतला आणि अकरा जणांना कारणे दाखवा नोटिसा दिल्या. त्यानंतर दोन दिवस 'असे दहा अधिकारी मिळाले तर राज्य सुधारेल' अशा अर्थाची वाचकांची पत्रे आली. मी महसूल खात्यात १९८५ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि २०२१ साली नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. या ३६ वर्षांत मी एकोणीस तहसीलदार पाहिले. म्हणजे सरासरी काढली तर एका साहेबाला दोन वर्षेसुद्धा मिळाली नाहीत. त्यातले पाच-सहा जण अशा धाडींत तरबेज होते. धाडीनंतर आठ दिवस आम्ही सगळे वेळेवर यायचो. नवव्या दिवशी पहिल्यासारखे.

त्या रिकाम्या खुर्च्यांबद्दल एक सांगतो. त्यातली एक खुर्ची खरोखरच टपरीवर चहा पीत असणार, ते मी नाकारत नाही. दुसरी निवडणुकीच्या कामाला गेलेली असते, तिसरी कोर्टात तारखेला, आणि चौथ्या खुर्चीचं पदच तीन वर्षे रिक्त असतं, तिच्यावर लोकांचे डबे आणि हेल्मेटं ठेवलेली असतात. साहेबांनी नोटीस काढण्याआधी आस्थापना लिपिकाला 'मंजूर पदे किती, भरलेली किती' एवढं जरी विचारलं असतं तरी बातमी निम्मी झाली असती. पण मला भांडायचंय ते वेगळ्याच गोष्टीवरून. कचेरी चालवणारा साहेब कसा असतो, हे मी जवळून एकदाच पाहिलं आणि ते कुठल्याच पेपरात आलं नाही.

आधी थोडं दप्तराबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची टेबलांपासून कपाटांपर्यंत मांडणी बदलली, वर्षानुवर्षे रुमालात बांधून पडलेल्या कागदांची वर्गवारी केली, नको ते नष्ट केलं आणि हवा तो कागद हवा तेव्हा सापडेल अशी व्यवस्था लावली. पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणून ते राज्यभर गेलं. महसुलातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो झोपेत सांगेल: 'अ' वर्गाचे कागद कायमचे, 'ब' तीस वर्षे, 'क' दहा वर्षे, 'क-१' पाच वर्षे आणि 'ड' एक वर्ष. शिवाय प्रत्येक कारकुनाच्या कपाटात सहा गठ्ठे: पहिला प्रलंबित प्रकरणांचा, दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा, तिसरा नियतकालिकांचा (ठरावीक मुदतीने पाठवायच्या अहवालांचा), चौथा स्थायी आदेशांचा, पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा.

मी नोकरीला लागलो तेव्हा हा पॅटर्न आमच्या तालुक्यात परिपत्रकातून आलेला होता. लखिनासाहेब आले नव्हते, त्यांचं परिपत्रक आलं होतं. फरक काय पडतो ते ऐका. पहिल्याच महिन्यात दप्तर तपासणी लागली. आम्ही तीन रात्री जागून गठ्ठे बांधले. खाकी पुठ्ठे, पांढऱ्या फिती, प्रत्येकावर तांबड्या शाईत ठळक अक्षरात क्रमांक. माझं अक्षर बरं होतं म्हणून सगळ्या कचेरीच्या पाट्या मीच रंगवल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी गठ्ठा क्रमांक एक उघडला, प्रलंबित प्रकरणं मोजली, चार निघाली. कार्यविवरण नोंदवहीत 'काम समाधानकारक' असा शेरा मारून ते जेवायला गेले.

खरं तर माझ्याकडे प्रलंबित प्रकरणं एकसष्ट होती. सत्तावन्न मी आदल्या रात्री दुसऱ्या गठ्ठ्यात घातली होती. ही विद्या मला आमच्या अव्वल कारकुनांनी शिकवली. कुठलंही प्रकरण घ्यायचं, त्यात काहीतरी माहिती कमी असतेच, ती मागवणारं एक पत्र तलाठ्याला किंवा सर्कलला (मंडळ अधिकाऱ्याला) लिहायचं, जावक क्रमांक टाकायचा. झालं. प्रकरण आता तुमच्याकडे प्रलंबित नाही, ते 'प्रतीक्षाधीन' आहे. तुम्ही उत्तराची वाट बघताय, तुमचा काय दोष? महिन्याने एक स्मरणपत्र. पुढच्या महिन्यात 'स्मरणपत्र क्र. २'. अर्जदार आला की फाईल उघडून दाखवायची, बघा आजोबा, आम्ही तर पाठपुरावा करतोय. आजोबा हात जोडून जायचे. मी हे सतरा वर्षे केलं. लिहायला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर पुढच्याला अर्थ राहत नाही.

२००२ साली आमच्याकडे एक मॅडम तहसीलदार म्हणून आल्या. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. वय पस्तिशीचं असेल, आवाज बारीक. आमच्यातल्या जुन्या मंडळींनी पहिल्या दिवशीच निकाल लावला होता, की ह्या चार महिने टिकायच्या नाहीत. 'रावसाहेब' म्हणायची सवय, 'मॅडम' म्हणताना जिभेला वळण पडत नव्हतं.

आठ दिवसांनी त्या माझ्या संकलनाला, म्हणजे माझ्या कामाच्या टेबलाशी आल्या. मी नेहमीप्रमाणे गठ्ठा क्रमांक एक पुढे केला. त्या म्हणाल्या, "तो राहू द्या. दोन नंबरचा द्या." सतरा वर्षांत हे कोणी मागितलं नव्हतं. मी दोन हातांनी तो आणून टेबलावर ठेवला, कारण एका हाताने उचलण्यासारखा नव्हताच. त्यांनी माझ्या समोरचं स्टूल ओढलं आणि वरचं पहिलं प्रकरण वाचायला घेतलं.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज होता. एक विधवा बाई, वयाच्या आणि उत्पन्नाच्या बाबतीत तलाठ्याचा अहवाल हवा होता. मी पाच स्मरणपत्रं पाठवली होती. मॅडमनी एकेक करून पाचही वाचली. मजकूर पाचही वेळा तोच होता, फक्त क्रमांक वाढत गेलेला. मग विचारलं, "हे तलाठी भाऊसाहेब असतात कुठे?"

मी म्हणालो, "सज्जाला (नेमून दिलेल्या गावांत) असतात मॅडम. दर पंधरवड्याला बैठकीला इथं येतात."

"इथं म्हणजे?"

"इथंच. वरच्या सभागृहात."

"म्हणजे पाच महिन्यांत दहा वेळा ते तुमच्या डोक्यावर येऊन बसले."

त्या हसल्या नाहीत, ओरडल्या तर नाहीतच. मी मात्र घामाने भिजलो. ज्या माणसाला मी टपालाने स्मरणपत्रं पाठवत होतो त्याच्याबरोबर मी दर पंधरवड्याला खालच्या हॉटेलात मिसळ खात होतो, आणि ह्या गोष्टीत काही विचित्र आहे हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

पुढच्या बैठकीला त्यांनी मला गठ्ठा घेऊन वर बोलावलं. तोपर्यंत तलाठ्यांची बैठक म्हणजे वसुलीचे आकडे, तेवढंच. त्या दिवशी विषयपत्रिकेवर पहिला विषय होता: दुसरा गठ्ठा. मी एकेक प्रकरण वाचायचं, ज्याच्याकडून माहिती यायची आहे त्याने उभं राहून सांगायचं, कधी देणार. तारीख मॅडम स्वतःच्या वहीत लिहायच्या. मला वाटलं होतं की तलाठी चिडतील. झालं उलटंच. तिसरा-चौथा तलाठी उठून म्हणाला, "मॅडम, हे पत्र मला मिळालेलंच नाही." पाचवा म्हणाला, "माहिती मी दोनदा दिलीय, माझ्याकडे पोच आहे." ती माहिती आमच्याच आवक बारनिशीत (आलेल्या टपालाच्या नोंदवहीत) नोंदली जाऊन दुसऱ्याच संकलनाला गेली होती. सातव्याकडे दोन सज्जांचा अतिरिक्त कार्यभार होता, माणूस रडकुंडीला आलेला. त्याचा एक सज्जा मॅडमनी प्रांतांशी (उपविभागीय अधिकाऱ्यांशी) बोलून दुसऱ्याकडे दिला. सगळ्यांना इतकी वर्षे वाटत होतं की काम अडतं ते समोरच्याच्या आळसाने. समोर बसवल्यावर कळलं की निम्मं अडत होतं ते मधल्या वाटेवर.

सात महिन्यांनी माझा दुसरा गठ्ठा एका हाताने उचलता येऊ लागला.

त्या बाईंनी कोणाला निलंबित केलं नाही. त्यांच्या काळात चहापाणी बंद झालं असंही मी म्हणणार नाही, आमच्यातला एक गडी शेवटपर्यंत घेत होता, फक्त लपून घ्यायला लागला. त्या वेळेबाबतही फार कडक नव्हत्या. पण एक गोष्ट त्यांनी कधी सोडली नाही. फाईलवर कारकुनाने स्वतःचं मत लिहिलं पाहिजे. आमची पद्धत अशी होती की मी 'सादर' लिहायचं, अव्वल कारकुनांनी खाली 'सादर', नायब तहसीलदारांनी 'आदेशार्थ सादर', आणि तहसीलदारांनी 'चर्चा करावी'. चार सह्या आणि एकाचंही मत नाही. चर्चा कधी व्हायची नाही, ती फाईल पुन्हा माझ्याकडे यायची. मॅडम 'सादर' एवढंच लिहिलेली फाईल परत पाठवायच्या. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न असायचा: तुम्ही माझ्या जागी असता तर?

आता हा प्रश्न ऐकायला छान वाटतो. पण मत लिहिणाऱ्या कारकुनाच्या पोटात काय होतं ते बाहेरच्यांना कळणार नाही. मत लिहिलं आणि उद्या चुकलं तर चौकशी आधी माझीच होणार. 'सादर' लिहिणाऱ्याची कधी चौकशी झालेली नाही. तुम्ही ज्याला लालफीत म्हणता ती बहुतेक वेळा आळस नसते, ती भीती असते, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कारकुनाकडून नव्या कारकुनाला चार्ज देताना यादीत न लिहिता दिली जाते.

ही भीती आमच्या कचेरीत कशी कमी झाली ते सांगतो. २००३ चा दुष्काळ आपल्याकडच्या लोकांना आठवत असेल. जनावरांच्या छावण्या होत्या. मोठ्या जनावराला एक दर, लहानाला वेगळा. छावणीची बिलं तपासण्याचं काम माझ्याकडे होतं. रात्री अकरा-अकरापर्यंत बसायचो. एका छावणीच्या बिलात मी अकरा दिवस वासरं मोठ्या जनावरांच्या दराने धरली. संस्थेला जादा पैसे गेले. सहा-सात महिन्यांनी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि जिल्ह्याहून खुलासा मागवणारं पत्र आलं: जबाबदारी निश्चित करून संबंधित कर्मचाऱ्याचं नाव कळवावं.

मी घरी काही बोललो नाही. रात्रभर जागा. दुसऱ्या दिवशी खुलाशाचा मसुदा घेऊन मॅडमकडे गेलो, त्यात माझं नाव मीच लिहिलं होतं. त्यांनी ते पान काढलं, दुसरं लिहायला घेतलं. बिल मंजुरीची अंतिम सही माझी आहे, तपासणीत त्रुटी राहिली ती माझ्या स्तरावर राहिली, जादा रक्कम संस्थेच्या पुढच्या देयकातून वसूल केली आहे, चलनाची प्रत जोडली आहे. खाली सही. माझं नाव कुठेही नाही. मग दार लावायला सांगितलं आणि पंधरा मिनिटं मला जे काही सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही, म्हणजे शब्द सभ्य होते, पण माझ्या आईनेही मला कधी इतकं बोललेलं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर मी पुन्हा सही करीन. पण तुमच्याशी बोलणार नाही."

कचेरीत अशी गोष्ट लपत नाही. शिपायाने दाराबाहेरून ऐकलं होतं, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत. आणि त्यानंतर, कोणाला काही न सांगता, 'सादर' लिहिणं कमी झालं. लोक मतं लिहायला लागले. चुकीची लिहायचे, बावळटासारखी लिहायचे, पण लिहायचे. फाईल चार टेबलांऐवजी दोन टेबलांवर निकाली निघायला लागली, कारण वरच्याला नव्याने डोकं चालवायला लागत नव्हतं.

संपादक महोदय, हेच मी दुसऱ्या गावी, मोठ्या प्रमाणावर झालेलं पाहिलेलं आहे. माझी धाकटी बहीण सुरतेला लिंबायत भागात दिलेली. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेग आला तेव्हा ती दोन पोरांना घेऊन, पिशवीत टेट्रासायक्लिनच्या गोळ्या घेऊन आमच्याकडे आली होती. त्या वेळची लिंबायत मी पाहिलेली होती, घरासमोरून गटार वाहायचं नाही, साचायचं. पुढच्या वर्षी तिथे एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. १९९७ च्या उन्हाळ्यात मी भाच्याच्या मुंजीला गेलो तर गल्ली ओळखू येईना. मेव्हणे मागावर काम करणारे, त्यांना सरकारी कामाचं काही कौतुक नाही, पण ते सांगत होते की सकाळी साहेब लोक रस्त्यावर दिसतात, रात्री मुख्य रस्ते झाडले जातात, हॉटेलवाल्याने कचरा टाकला तर दंड होतो.

नंतर मी त्याबद्दल वाचत गेलो. रावांनी शहराचे सहा झोन करून तिथल्या अधिकाऱ्यांना आपल्या अधिकारातला मोठा वाटा देऊन टाकला आणि सगळ्यांनी रोज सकाळी फिरतीवर जायचं असा नेम घातला. 'एसी टू डीसी' म्हणायचे त्याला, म्हणजे वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामाला. बातमीत फिरती येते, रस्त्यावर उभ्या साहेबाचा फोटो छान येतो. अधिकार वाटून दिल्याचा फोटो येत नाही. पण झोनच्या माणसाला जागेवर निर्णय घेता येत नसेल तर तो सकाळी फिरून करणार काय? फिरतीची वही भरणार, आमच्यासारखी. सफाई कामगार तेच, कायदा तोच, महापालिका तीच. राव तीनेक वर्षांतच तिथून गेले. आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेला इंदूरबरोबर पहिला क्रमांक मिळाला. मधे किती आयुक्त बदलले ते बहिणीलाही माहीत नाही.

आमच्याकडे तसं झालं नाही, तेही प्रामाणिकपणे लिहितो. मॅडमची बदली दोन वर्षे चार महिन्यांनी झाली. निरोप समारंभाला नारळ, शाल, आणि त्या माईकवर फार बोलल्या नाहीत. त्यांच्यानंतरच्या तीन तहसीलदारांच्या काळात दुसऱ्या गठ्ठ्याची बैठक चालू राहिली. ती चालू राहिली ते एका अव्वल कारकुनामुळे. मॅट्रिक झालेला माणूस, तंबाखूची चंची कमरेला, इंग्रजीत एक ओळ लिहायला सांगितली तर रजेवर जाणारा. नवे साहेब रुजू झाले की हा पहिल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर त्यांना न विचारता पहिला विषय टाइप करून ठेवायचा. साहेबांनी विचारलं तर म्हणायचा, "पूर्वापार आहे रावसाहेब." दोन वर्षांची गोष्ट पूर्वापार झाली! नव्या साहेबाला वाटायचं, असेल बुवा. नेतृत्वावर भाषणं देणाऱ्यांनी ह्या माणसाचा विचार करावा असं मला नेहमी वाटतं. साहेब येतो आणि जातो, पण पद्धत कोणाच्या तरी चंचीत राहते.

तो निवृत्त झाला, मीही २००७ मध्ये दुसऱ्या तालुक्याला गेलो. नंतरच्या एका साहेबांनी तलाठ्यांच्या बैठका अर्ध्या करून टाकल्या, उरलेल्या फोटोपुरत्या झाल्या. मी नंतर एकदा तिथे गेलो तेव्हा मी रंगवलेली पाटी मात्र तशीच होती.

मधल्या काळात कायदे आले. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा आणि कामातल्या विलंबाचा २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून लागू झाला. त्यात सर्वसाधारण तीन वर्षांचा कार्यकाळ आहे, बदल्या एप्रिल-मे महिन्यातच कराव्यात असं आहे, आणि दहाव्या कलमात कोणतीही फाईल सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका कर्मचाऱ्याकडे राहता कामा नये असं आहे. कायदा उत्तम आहे. पण तीन वर्षांच्या आधीची बदलीसुद्धा कारणं लिहून 'विशेष बाब' म्हणून करता येते, आणि हा कायदा आल्यानंतरही मी एक तहसीलदार सात महिन्यांत जाताना पाहिला. सात दिवसांचं म्हणाल तर फाईल माझ्याकडे नाहीच, मी स्मरणपत्र पाठवलंय ना. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आला, प्रत्येक दाखल्याला मुदत ठरली, अर्ज संगणकावर गेले. तिथेही मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी अर्जात 'त्रुटी' काढून तो अर्जदाराकडे परत पाठवायची युक्ती आमच्यातल्या पोरांनी महिन्याभरात शोधून काढली. दुसरा गठ्ठा संगणकात गेला, एवढंच.

२०१७ साली चंद्रकांत दळवी पुणे विभागाचे आयुक्त असताना त्यांनी शून्य प्रलंबिततेची मोहीम लावली, आधी दप्तर लावा, मग थकलेलं निपटा, आणि त्यानंतर आजचं काम आजच. मी तेव्हा नायब तहसीलदार होतो. शनिवार-रविवार आम्ही तोंडाला रुमाल बांधून अभिलेख कक्षात बसलो. १९७२ च्या दुष्काळी कामांचे हजेरीपट निघाले, त्यावर अंगठ्यांच्या ओळीच्या ओळी. एका कपाटाच्या तळाशी मतपेटीचं झाकण आणि वाळलेली पाल निघाली. चांगली मोहीम होती. एवढा मोठा अधिकारी, ज्याला आमच्या कपाटात काय असतं ते माहीत आहे, हे कारकुनाला जाणवतं, आणि जाणवलं की हात वेगळे चालतात. माझ्या टेबलापुरतं तेव्हा खरोखर शून्य झालं होतं. किती दिवस टिकलं ते प्रत्येक कार्यालयात वेगळं निघेल, आणि तिथे अव्वल कारकून कोण होता हे विचारलंत तर कारणही सापडेल.

म्हणून माझी आपल्याला एक विनंती आहे. धाडीची बातमी छापा, लोकांना ती वाचायला आवडते. पण सहा महिन्यांनी त्याच कार्यालयात आपला वार्ताहर पुन्हा पाठवा. साहेबांना भेटू नका. एखाद्या लिपिकाला गठ्ठा क्रमांक दोन किंवा संगणकावरची त्रुटीची यादी दाखवायला सांगा, सर्वांत जुनं प्रकरण कुठलं ते बघा आणि त्या अर्जदाराचं गाव गाठा. आणि एखाद्या अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच्या निरोपाची बातमी देण्याऐवजी वर्षाने बातमी द्या, त्याने सुरू केलेलं काय चालू आहे आणि काय बंद पडलं.

एक घरगुती गोष्ट सांगून थांबतो. माझ्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर संगणकीकरणात माझ्या नावाची वेलांटी चुकली आहे. महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज मी फेब्रुवारीत दिला. तिथला लिपिक माझ्याच हाताखाली शिकलेला, मला बघितल्यावर उठून उभा राहिला, पाया पडला, चहा मागवला. मग फाईल उघडून दाखवत म्हणाला, "भाऊसाहेब, काळजी करू नका, तुमचं प्रकरण प्रलंबित नाहीये. तलाठ्याला तीन स्मरणपत्रं गेलीत."

मी विचारलं, तलाठी बसतो कुठे. त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं.

कळावे.

आपला,
एक निवृत्त नायब तहसीलदार
(सातबारा अजून दुरुस्त व्हायचा आहे, कृपया नाव व तालुका छापू नये.)